उकर्डाजीची पोरगी

अकोल्याच्या भाजीबाजारात पहाटे किसनरावांचा आवाज सुरू झाला की पलीकडच्या गल्लीतली माणसं घड्याळ न बघता उठत. अडतीवर हर्रास पुकारायचं काम ते एकोणतीस वर्षं करत होते. ढीग कोथिंबिरीचा असो की कोहळ्यांचा, किसनरावांनी 'बोला' म्हटलं की समोरच्याला बोलावंच लागे. एक वार, दोन वार, तीन वार, आणि माल गेला. बाजार उठल्यावर हा आवाज तिथंच ठेवून यावा, असं त्यांना कधी वाटलं नाही. तो त्यांच्यासोबत स्कूटरवरून जुन्या शहरात घरी येई आणि जेवण होऊन डोळा लागेपर्यंत चालू राही.

घरी तो ऐकायला तानुबाई होत्या.

तानुबाईंबद्दल सांगण्यासारखं काही नाही, असं किसनरावांचं मत होतं आणि ते त्यांनी पुष्कळांना सांगितलं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांची यादी केली असती तर ती किराण्याच्या यादीपेक्षा लहान झाली असती, आणि त्यातही निम्मा किराणाच असता. 'हो.' 'पायते.' 'तेल सरलं.' किसनराव माणूस वाईट नव्हते. बायकोशी त्यांनी कधी एक शब्द वाकडा काढला नाही. सरळ शब्द मात्र रोज दोन-तीन हजार काढले. "गरीब हाये बिचारी," ते कौतुकानं म्हणत. "तिच्या मनात काही नसते, म्हनून तोंडातही काही नसते." यावर तानुबाई ताटात भाजी वाढत.

असंच चाललं असतं. पण रागिणीचं लग्न निघालं.

रागिणी त्यांची एकुलती एक मुलगी. तेल्हाऱ्याला कृषी सहायक होती, बोंडअळीपासून गटविकास अधिकाऱ्यापर्यंत कोणालाही न घाबरणारी. फक्त आपल्या बापाला ती घाबरत असे, आणि त्याला कारण होतं. तिची दोन स्थळं बैठकीपर्यंत येऊन मोडली होती. बैठक म्हणजे तारीख, जागा, माणसं किती, मानपान काय, हे दोन्ही घरांनी बसून ठरवायचं. सगळ्या जगाच्या बैठका चहा-पोह्यांवर निभतात. किसनरावांच्या निभेनात.

पहिलं स्थळ मूर्तिजापूरकडचं. मुलाकडची मंडळी तारखेवर अडली आणि घटकाभर कोणीच काही बोलेना. हर्रासात अशी शांतता पडली की माल हातचा जातो, हे किसनरावांच्या हाडीमाशी भिनलेलं. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बोला, बोला! आणखी कोनी हाये का? एक वार..." आणि सवयीनंच त्यांचा हात मालाकडे, म्हणजे रागिणीकडे गेला. 'दोन वार' होईपर्यंत मंडळींनी चपला घातल्या होत्या.

दुसरं स्थळ वरुडकडचं, संत्र्याच्या बागाईतदारांचं. मुलाचे मामा बागेचं कौतुक सांगत होते. किसनरावांनी ते बराच वेळ, म्हणजे तीन मिनिटं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मामाजी, तुमच्या संत्र्याची साल चांगली दिसते, पन मंडीत सालीले कोनी विचारत नाई." दोन दिवसांनी तानुबाईंनी सांगितलं की फोन झाला, जमत नाही. सगळ्या गल्लीनं किसनरावांच्या तोंडाला दोष दिला. किसनरावांनीही, एकांतात, थोडा दिला.

आता तिसरं स्थळ अमरावतीचं होतं, आणि ते रागिणीनं स्वतः पाहिलेलं होतं. मुलाचं नाव अश्विन. कृषी खात्याच्या एका प्रशिक्षणात दोघं शेजारी बसले होते आणि तेव्हापासून मनानं तिथंच बसून होते. रागिणीनं घरात स्पष्ट सांगून टाकलं, "हे मोडलं तर मी परत कोनासमोर बसनार नाई. मंग मले विचारू नका." ती बोलते तसं करते, हे दोघांनाही माहीत होतं. किसनरावांची झोप उडाली. मुलीचं सगळं सुख आपल्या जिभेवर येऊन ठेपलंय आणि जीभ तर आपल्या ताब्यात नाही, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगलं.

याच सुमारास वांग्यांच्या हर्रासात 'तीन वार'मधला 'वार' बाहेरच आला नाही. जठारपेठेतल्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. साधीच निघाली, काढली. पण डॉक्टर म्हणाले, आता एकवीस दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. किसनरावांचे डोळे भरून आले. रागिणीनं मात्र डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "एकवीस दिवस नेमके कोन्या तारखेले संपतात?" आणि घरी आल्या आल्या अमरावतीला फोन करून बैठक सतराव्या दिवशी धरली.

तिनं बापाला एक लहान पांढरी पाटी आणि मार्कर आणून दिला. किसनराव पाटीवर लिहीत तेसुद्धा मोठमोठ्या अक्षरांत, त्यामुळे एका वेळी तीन शब्दांच्या वर मावत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बाजारात जायची सोय नव्हती, कारण बाजारात जाऊन गप्प बसणं म्हणजे विहिरीत उतरून कोरडं राहणं. ते घरी बसले. आणि घरी बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की सकाळी दहा वाजता आपल्या घरात काय चालतं, हे आपण एकोणतीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही.

दहा वाजता बायका येत.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, विरजण मागायला आल्या असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, भिशी असेल. तिसऱ्या दिवशी ते मधल्या खोलीत खाटेवर पडून ऐकू लागले. बोलायचं नसलं की माणसाला ऐकू फार चांगलं येतं, हा शोध त्यांना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी लागला. ओसरीत तानुबाई तुरीच्या शेंगा सोलत बसत. येणारी बाई समोर बसून, न सांगता दोन शेंगा हाती घेई आणि मनातलं सांगू लागे. तानुबाई ऐकत. मध्ये 'मंग काय झालं' नाही, 'अगं बाई' नाही, काही नाही. सांगणारी दमली की मग त्या एखादंच वाक्य बोलत, आणि तेही बहुधा विचारणंच असे.

फुलं विकणारी पार्बताबाई आली होती. तिच्या पुतण्यानं तिचं दोन एकर रान ठोक्यानं, म्हणजे वर्षाला ठरीव रक्कम देऊन कसायला, मागितलं होतं. गोड बोलत होता, पाया पडत होता, काकूला म्हातारपणी कष्ट नकोत म्हणत होता. पार्बताबाईनं हे सगळं अर्धा तास सांगितलं. अर्धी टोपली सोलून झाली.

"मागाले आला तवा बसला होता का उभा होता?" तानुबाईंनी विचारलं.

पार्बताबाईनं आठवून पाहिलं. "उभाच होता वो. बस म्हनलं तरी बसला नाई."

"मंग त्याले एकडाव बसू दे. बसला तर दे."

पार्बताबाई एवढ्यावर समाधानानं उठून गेली. आठ दिवसांनी कळलं की पुतण्या बसायला आलाच नाही. त्याला त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्या सहीचा कागद कोणाला तरी दाखवायचा होता. किसनराव खाटेवर उठून बसले. त्यांनीही जन्मभर माणसंच पाहिली होती, हजारांनी पाहिली होती. पण घेणारा उभा आहे की बसलाय, हे कधी पाहिलं नव्हतं. बाजारात सगळे उभेच असतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, पण ती नीट बसली नाही.

अकराव्या दिवशी शेजारची माधवी आली. किसनराव चक्कीवर गेलेत अशी तिची समजूत होती. ते दळण टाकून मागच्या दारानं आले होते.

"काकू, या वक्ती काका गप्प हायेत ते एका परीनं बरंच झालं," माधवी म्हणाली. "वरुडचं स्थळ त्यायच्या तोंडानंच गेलं ना."

"ते त्यायच्यानं नाई गेलं," तानुबाई म्हणाल्या.

मधल्या खोलीत खाट करकरली. ओसरीत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"पोराच्या हातात चा देल्ला तवा मीनं त्याचं बोट धरलं, कप सांडन म्हनून. सकाळचे अकरा वाजले होते. हात थरथर कापत होता. भेवानं कापते थो हात थंडा असते. हा गरम होता. मंग त्यायच्या गल्लीत भाजी विकते त्या बाईले विचारलं. पोरगा सकाळपासून पेते. मीच फोन केला अन् नाई म्हनून सांगतलं."

"अन् सगळे जन दोन वर्सं काकाले बोलून राहिले!"

यावर तानुबाईंनी पुढची शेंग उचलली. बहुधा त्यांचं बोलून झालं होतं.

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, हे किसनराव ऐकून होते. हा संन्यासीही फार सज्जन होता अशातला भाग नाही. तरी पण सुळी ती सुळीच. माधवी गेल्यावर ते पाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले. रागावायला आवाज लागतो. पाटीवर रागावता येत नाही. त्यांनी 'का' लिहून पुढे उद्गारचिन्हं काढायला घेतली, आणि तिसरं काढेपर्यंत राग अर्ध्यावर आला. पाटी त्यांनी बायकोपुढे धरली.

तानुबाईंनी पाटी वाचली. नवऱ्यानं सगळं ऐकलंय, हे त्यांना कळलं. त्यांनी गॅस बारीक केला.

"तुमचं नाव बोलन्यात आधीच गेलं होतं," त्या म्हणाल्या. "आपून नाई म्हनलं तर लोकं पोरीत खोट काढतात. तुमच्या नावावर घातलं तं कोनी काही विचारलं नाई."

किसनराव उभेच राहिले. अठ्ठावीस वर्षांत तानुबाई त्यांच्याशी एका दमात इतकं बोलल्या नव्हत्या. त्यांना राग आला होता, तो आता कुठं ठेवावा हे कळेना. कारण हिशेब चोख होता. त्यांचं तोंड जन्मभर नुसतं वाजलं होतं. त्याचा काही उपयोग कोणी केला असेल तर तो या बाईनं, गुपचूप, मुलीला झाकायला. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या खालोखाल बायकोचा अभिमान वाटला. त्यांनी 'का' पुसलं आणि लिहिलं, 'हात कसा ओळखला?'

"असंच," तानुबाई म्हणाल्या आणि पोळी टाकली.

पुढले सहा दिवस किसनराव बायकोकडे बघत राहिले. नव्या नवरदेवानं बघावं तसं ते बघणं नव्हतं. आपल्याच घरात आणखी एक खोली होती आणि आपण तिचं दार भिंत समजून तिथं टोपी अडकवत होतो, हे कळलेल्या माणसाचं बघणं होतं. तानुबाईंना त्याचा त्रास झाला. "कायी दुखते का?" त्यांनी दोनदा विचारलं.

सतराव्या दिवशी तिघं एसटीनं अमरावतीला गेले. रागिणीनं मुद्दामच कोणा काका-मामांना सांगितलं नव्हतं. जेवढी तोंडं कमी तेवढं बरं, असा तिचा हिशेब. तो बरोबरही ठरला असता, पण तिकडच्या बाजूला एक तोंड होतं आणि ते दहा जणांना पुरेसं होतं. अश्विनचे वडील शेखरराव, निवृत्त मास्तर. ते मुद्द्यांना क्रमांक देऊन बोलत. दिवाणावर भिंतीकडे तोंड करून अश्विनचे आजोबा पडले होते. नत्थुजी, वय चौऱ्याऐंशी. ते झोपलेत असं सगळ्यांनी धरलं होतं.

"मुद्दा पहिला," शेखरराव म्हणाले. "लग्न अमरावतीत. मुद्दा दुसरा, आमची मान्सं तीनशे."

समोरून विरोध होत नसला की बोलणाऱ्याचा तोल जातो, हे किसनरावांना स्वतःच्या अनुभवानं ठाऊक होतं. पहिल्या पाच मिनिटांत तीनशेची साडेतीनशे माणसं झाली. त्यांनी घाईघाईनं पाटीवर 'फार होतात' लिहून वर धरलं. शेखरराव म्हणाले, "माहा चष्मा आत राह्यला," आणि चौथ्या मुद्द्याकडे वळले. रागिणीनं आईकडे पाहिलं. ज्या बापाचं तोंड बंद राहावं म्हणून तिनं तारखा जुळवल्या होत्या, तो आज दोन शब्द बोलता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं असावं.

"तुमचं काय म्हननं हाये, बाई?" शेखररावांनी शेवटी विचारलं.

"पायते," तानुबाई म्हणाल्या.

दिवाणावरचं पांघरूण हललं. नत्थुजींनी कूस बदलली आणि तानुबाईंकडे बराच वेळ पाहिलं.

"बाई, माहेर कोनतं तुहं?"

"पातूरकडचं."

"कोनाची पोरगी?"

"उकर्डाजी दलालाची. बैलबाजारातल्या."

म्हातारा उठून बसला. त्याला उठून बसायला एरवी दोन माणसं लागत, त्यामुळे घरातले सगळेच उभे राहिले. "उकर्डाजीची पोरगी!" नत्थुजी म्हणाले. "अबे शेखर, माही पयली बैलजोडी हिनं इकली मले. नऊ वर्साची होती."

आणि मग त्या खोलीत किसनरावांना आपल्या बायकोची ओळख एका परक्या म्हाताऱ्याच्या तोंडून झाली.

जुन्या बैलबाजारात भाव तोंडानं करत नसत. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात दुपट्ट्याखाली धरत आणि बोटं दाबून आकडा सांगत. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. चारचौघांत बसून भाव व्हायचा आणि चारचौघांना कळायचा नाही. उकर्डाजी त्या बाजारातला नावाजलेला दलाल. पण एका हंगामात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबा कापायच्या यंत्रात गेली. तीन बोटांनी भाव कसा सांगणार? तेव्हा तो पोरीला शेजारी बसवायला लागला. दुपट्ट्याखाली हात तिचा असे. सहा वर्षं त्या बाजारातला त्याचा सगळा सौदा त्या लहान हातानं केला.

"हात धरला की मान्साच्या पोटातला भाव तिले समजे," नत्थुजी म्हणाले. "बोलली कधी नाई. बोललं की भाव फुटते. उकर्डाजीनं तिले तेच शिकवलं होतं. मंग पोरगी वयात आली, अन् बाजारात बसलेल्या पोरीले कोन करते? त्यानं गावच बदललं."

किसनरावांना आपलं लग्न आठवलं. सासऱ्यांनी त्यांना बाजूला घेऊन इतकंच सांगितलं होतं, "पोरगी कमी बोलते, जवाईबापू." किसनरावांना तो दोष वाटला होता, आणि सासरा प्रामाणिक आहे म्हणून त्यांनी तो मोठ्या मनानं पदरात घेतला होता. आता त्यांना कळलं की सासरा दोष सांगतच नव्हता. खानदानी माल देताना देणारा जसं एकदाच, हळू आवाजात सांगतो, तसं त्यानं सांगितलं होतं. आणि किसनरावांनी, जिंदगी हर्रासात घालवलेल्या माणसानं, तो माल अठ्ठावीस वर्षं उघडून पाहिला नव्हता.

नत्थुजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या मध्ये पसरला. "आन हात, बेटी. हे मास्तर लोकं सांजलोक मुद्देच मोजतीन. पन्नास मान्साले एक बोट. लग्न अकोल्यात तं मूठ, मांडव आमच्याकडं तं आंगठा."

तानुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, मुलीकडे पाहिलं नाही. पदर सावरला आणि उजवा हात दुपट्ट्याखाली घातला.

कापडाखाली काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं. म्हाताऱ्याचा चेहरा दगडासारखा होता. तानुबाईंचा डाळीतले खडे निवडताना असतो तसाच होता. एकदा नत्थुजींच्या भुवया वर गेल्या. एकदा ते नाकातून हसले. दोन मिनिटांनी त्यांनी सांगून टाकलं, "मान्सं दीडशे. लग्न अकोल्यात. मांडवाचा खर्च आमचा." शेखरराव बघतच राहिले. त्यांचे अकरा मुद्दे दोन मिनिटांत निकाली निघाले होते, आणि एकही त्यांना ऐकू आला नव्हता.

मास्तरांना हे लागलं. काहीतरी आपलं म्हणून राहिलं पाहिजे, असं त्यांना वाटलं असणार. ते म्हणाले, "ते सगळं ठीक. पन एक अट हाये. पोरीनं लग्नाआधी राजीनामा द्यायचा. ते तेल्हाऱ्यात राहीन अन् घर अमरावतीत, हे चालनार नाई."

"बाबा, हे आपलं बोलनं झालं होतं," अश्विन म्हणाला.

"तू थांब."

रागिणी पांढरी पडली. ती काही बोलणार, तोच तानुबाईंनी दुपट्ट्याखालून हात काढला आणि आपल्या मांडीवर ठेवला. झटका नाही, राग नाही. ताटातला हात काढावा तसा काढला.

त्या खोलीत याचा अर्थ दोघांनाच कळला. नत्थुजींना आणि किसनरावांना. हात काढला म्हणजे सौदा मोडला. त्यानंतर आवाज चढवत नाहीत, समजूत घालत नाहीत. जनावर सोडतात आणि घरी नेतात.

दुपट्ट्याखाली म्हाताऱ्याचा हात एकटाच राहिला होता. कोणीच बोललं नाही. आणि किसनरावांच्या घशाशी सतरा दिवसांचे शब्द एकदम आले. माफी मागावी, विनवावं, पोरगी सहा महिने रजा घेईल म्हणावं, बदलीचं बघू म्हणावं, काहीही म्हणावं, पण ही शांतता मोडावी. पोरीचं लग्न समोर बुडत होतं. हर्रासात त्यांनी तीन मोजण्यापलीकडे शांतता कधी पडू दिली नव्हती. पाटी मांडीवर होती. मार्कर हातात होता. त्यांना तर पाटीचीही गरज वाटेना. आवाज गेला तर गेला.

रागिणी बापाकडे बघत होती. बाबा बोलणार, हे तिला दिसत होतं.

किसनरावांनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, जशी काही अमरावतीची हवा बघायला आली आहे. आपण बोललो तर भाव फुटेल, हे त्यांना समजलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ते सतरा दिवस गप्प होते. आता पहिल्यांदा ते तानुबाईंच्या भरवशावर गप्प बसले. त्यांनी मार्करला टोपण लावलं. एक वार झालं, दोन वार झालं, तीन वार झालं. ते मनात मोजत राहिले. चाळीसपर्यंत गेले. चाळीसपर्यंत मोजायला किती वेळ लागतो, ते ज्याची पोरगी समोर बसली आहे त्यानंच सांगावं.

"शेखर," नत्थुजी म्हणाले, "उकर्डाजीच्या पोरीनं हात काढला म्हंजे ते उठनार. मांगं वळून पाहनार नाई. मले ठाव हाये, मी त्या बाजारात दोन डाव रडत घरी गेलो. तुले सून पायजे का राजीनामा?"

शेखररावांनी मुलाकडे पाहिलं. अश्विन रागिणीशेजारी जाऊन उभा होता. "बरं, करू द्या नोकरी," शेखरराव म्हणाले.

"मले काहून सांगतं? तिले सांग."

शेखरराव तानुबाईंकडे वळले. वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखे ते क्षणभर उभे राहिले. "रागिणी नोकरी करन, बाई. जितकी वर्सं करायची तितकी करन. माहा शब्द हाये."

तानुबाईंनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. हात पाहावा तसं तोंड पाहिलं. मग पदर सावरला आणि हात पुन्हा दुपट्ट्याखाली घातला. नत्थुजींनी तो दाबला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पोरीच्या लग्नाचं की बैलजोडीचं, ते त्यांचं त्यांना माहीत. आतून पेढे आले.

परतीच्या गाडीत रागिणी पुढच्या बाकावर फोनवर हळू आवाजात बोलत होती. किसनराव आणि तानुबाई मागे बसले. बडनेरा गेलं. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. किसनरावांनी पाटी काढली. लिहायचं पुष्कळ होतं. तू मला हे का सांगितलं नाहीस, लिहायचं होतं. मी विचारलं का नाही, हेही होतं. तू बाजारात उभी राहिली असतीस तर मला कोणी पाणी भरायलाही ठेवलं नसतं, हेसुद्धा होतं. पण पाटीवर एका वेळी तीनच शब्द मावत. त्यांनी पाटी पिशवीत ठेवली.

मग त्यांनी तानुबाईंच्या पदराची कड ओढून त्यांच्या हातावर घेतली आणि तिच्याखाली आपला हात सरकवला. तानुबाई दचकल्या. भर गाडीत, दिवसाढवळ्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी. किसनरावांना बोटांची भाषा म्हणजे नुसते आकडे माहीत होते, आणि तेही ऐकीव. जे सांगायचं त्याला आकडा नव्हता. त्यांनी होता तेवढा सगळा पंजा दाबला.

तानुबाईंनी थोडा विचार केला.

"कमी बोलले," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

किसनरावांनी दुसराही हात पदराखाली घातला. शेजारून जाणारा कंडक्टर थांबला, त्यानं बघितलं आणि तो पुढे गेला. मूर्तिजापूर आलं, माणसं उतरली, चढली, गाडी सुटली. तानुबाईंनी हात काढला नाही.